भिवंडीत चढ कुठे मिळतो आणि कितीला पडतो?

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली आणि मुंबई-ठाण्याकडच्या धावपटूंसाठी पावसाळ्यातली महत्त्वाची शर्यत होऊन बसली. शहरातून बाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. कासच्या रस्त्याने निम्मं अंतर चढायचं आणि त्याच वाटेने परत उतरायचं. 21 किलोमीटरच्या या शर्यतीत तीनशे मीटरहून जास्त चढ आहे. भिवंडी तर खाडी आणि कामवारी नदीच्या काठचं सपाट शहर. इथल्या धावपटूने सराव करायचा कुठे आणि त्यावर खर्च किती करायचा?

आधी हिशेबाची पद्धत ठरवू. चढ किलोमीटरमध्ये मोजू नका, उंचीच्या मीटरमध्ये मोजा. एका सरावात तीनशे मीटर उंची चढून झाली की साताऱ्याच्या घाटाएवढं काम झालं. मग प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारायचा : हे तीनशे मीटर इथे कितीला पडतात?

सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे आपल्याच इमारतीचा जिना. एक मजला साधारण तीन मीटरचा. चार मजली इमारतीत एक फेरी बारा मीटरची, म्हणजे पंचवीस फेऱ्यांत तीनशे मीटर. कल्याण रोड, टेमघर, अंजूरफाटा, काशेळी या भागांतल्या दहा मजली टॉवरमध्ये दहा फेऱ्या पुरतात. खर्च शून्य. पावसात भिजायचं नाही, ट्रकचा धूर नाही, आणि पहाटे एकट्याने बाहेर पडणं ज्यांना जमत नाही त्यांनाही घराजवळच करता येतं. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा, जिन्यातले दिवे चालू आहेत ना ते बघा, आणि पायऱ्या ओल्या असतील तर त्या दिवशी बेत रद्द करा. चढताना पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, नुसत्या चवड्यांवर चढलात तर पोटरी धरते. उतरताना धावू नका, कठड्याला हात ठेवून चाला.

दुसरा पर्याय जिमच्या ट्रेडमिलचा. सहा टक्के चढ आणि ताशी आठ किलोमीटर वेग ठेवला, तर अर्ध्या तासात चार किलोमीटर अंतर आणि 240 मीटर उंची होते. महिन्याची फी हजार ते दीड हजार धरा आणि आठवड्यातून दोनदा वापर धरा. एक सराव सव्वाशे ते दोनशे रुपयांच्या घरात जातो. पैसे भरण्याआधी मशीनवर उभं राहून चढाचं बटण चालतं का ते स्वतः तपासा. पट्टा फिरतो पण चढ हलत नाही, अशी मशीन सरावाच्या दृष्टीने बिनकामाची. घरी ट्रेडमिल घ्यायचा विचार करत असाल तर एका शर्यतीसाठी तो खर्च करू नका.

फ्लायओव्हरचा मोह अनेकांना होतो. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, नवा मोठागाव-माणकोली पूल, सगळे फुकट. पण फ्लायओव्हरची उंची सहा-आठ मीटरच. तीनशे मीटरसाठी चाळीसएक वेळा वर जावं लागेल. गोदामांचं शहर असल्याने इथे पहाटेही कंटेनर धावतात आणि पुलांवर पायी चालणाऱ्यांना हक्काची जागा नसते. हा सराव करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरा मुद्दा. साताऱ्यात बहुतेकांचे पाय चढताना जात नाहीत, परतीच्या उतारावर जातात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार धरून ठेवतो. त्याला त्या कामाची सवय नसेल तर शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पाय लाकडासारखे होतात आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरवत नाही. चांगली गोष्ट ही की थोडासा उतार पळला तरी स्नायू शिकतात आणि ते शिकणं काही आठवडे टिकतं. हा उतार ना ट्रेडमिल देत, ना जिना. म्हणून खिशातले पैसे इथे खर्च करा.

जवळचा चांगला उतार ठाण्याच्या येऊरचा. उपवन तलावापासून येऊर गावाकडे चढणारा डांबरी रस्ता ठाण्यातल्या धावपटूंचा आणि सायकलवाल्यांचा आवडता आहे. एका फेरीत शंभर मीटरच्या आसपास चढ मिळतो, तीन फेऱ्यांत काम होतं. मोबाइलवर स्ट्रावासारखं फुकट ॲप चालू ठेवून नेमका आकडा स्वतः मोजा. काशेळी, बाळकूम, माजिवडामार्गे बाइकने जाऊन-येऊन पस्तीसएक किलोमीटर. पेट्रोल 104 रुपये लिटर आणि बाइकचं ॲव्हरेज 45 धरलं तर ऐंशी रुपये. मागे जोडीदार बसला तर चाळीस. हे जंगल राष्ट्रीय उद्यानाचं आहे, बिबट्याचा वावर आहे. उजाडल्यावरच जा आणि वनखात्याच्या नाक्यावर सांगतील ते ऐका. शर्यतीआधीच्या बारा आठवड्यांत सहा रविवार येऊर केलं तरी पाचशे रुपये पुरतात. याहून चांगला सौदा मला दिसत नाही.

वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता आपल्याच तालुक्यातला, पण पावसाळ्यात खड्डे आणि भरधाव गाड्या. देवीच्या मंदिराच्या 52 दगडी पायऱ्या भाविकांच्या आहेत, तिथे पळायला जाऊ नये. दुगाडजवळचा गुमतारा किंवा आसनगावचा माहुली हे किल्ले पळण्याचे नव्हेत, पण पायात ताकद भरायला उत्तम. माहुलीला लोकलचं तिकीट कल्याणहून जाऊन-येऊन फार तर तीस रुपये, पुढे पायथ्यापर्यंत रिक्षा; ती शेअर मिळाली नाही तर पूर्ण रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. चढ सहा-सातशे मीटरचा आहे. भर पावसात शिडीची वाट निसरडी होते, म्हणून हा बेत मे महिन्यातच उरका आणि पुरेसं पाणी सोबत घ्या. गुमताऱ्याला वाट चुकते, गावातला माणूस घेऊनच जा आणि त्याची मजुरी आधी बोला.

बूट टाळू नका. कामचलाऊ रनिंग शूज दोन-तीन हजारांपासून मिळतात. उतारासाठी अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं. चाळिशी ओलांडली असेल किंवा छातीत दुखण्याची जराही तक्रार असेल तर जिना सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्ट्रेस टेस्ट करून घ्या. खाजगीत साधारण हजार ते अडीच हजार लागतात आणि ते वाचवण्याचे पैसे नव्हेत.

साताऱ्याचा प्रवास वेगळा धरा. जाऊन-येऊन सुमारे साडेपाचशे किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर इंधन अडतीसशेच्या आसपास, चौघांत साडेनऊशे, टोल वेगळा. महिलांना एसटीत 2023 पासून निम्मं तिकीट आहे, त्यांना ती सोय स्वस्त पडेल. शर्यतीच्या आठवड्यात साताऱ्यातल्या लॉजचे दर चढतात, त्यामुळे नोंदणी झाली त्याच दिवशी खोली ठरवा आणि चौघांनी मिळून घ्या. उताराचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी करा. त्यानंतर येऊरला गेलात तर एकच फेरी, तीही रमत-गमत.