'ले ऑफ' म्हणजे काय?



कारखान्याच्या फाटकावर एक कागद लागतो. कागद इंग्रजीत असतो. त्यावर तारीख असते, शिक्का असतो, साहेबांची सही असते. मधल्या मजकुरात दोन लहान शब्द असतात : 'ले ऑफ'. पण पुढचा महिनाभर घर कसे चालवायचे, हे त्या दोन शब्दांवर ठरते. म्हणून आज आपण हे दोन शब्द नीट शिकू या.

आरंभी आमचीच एक चूक सांगतो.

आमची चूक

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला आमची कोपरी. पश्चिमेला, रुळांच्या पलीकडे, वागळे इस्टेट. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ही एक. कोपरीतली कितीतरी माणसे रोज सकाळी डबा घेऊन पलीकडे कामाला जात.

१९८५ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो. एका संध्याकाळी शेजारचे गृहस्थ कागद घेऊन दारात आले. ते एका कारखान्यात सात वर्षे कामाला होते.

"मास्तर, जरा बघता का हो? सगळे म्हणतात, काढलं आपल्याला."

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण गल्लीत इंग्रजी वाचणारे आम्हीच. आम्ही कोश उघडला. 'ले' म्हणजे ठेवणे. 'ऑफ' म्हणजे दूर. दूर ठेवणे, म्हणजे काढून टाकणेच की! आम्ही तसे सांगून टाकले. ते गृहस्थ पायरीवरच बसले.

दोन दिवसांनी त्यांनी सायकल मिळेल त्या किमतीला विकली आणि बायकोमुलांना घेऊन गावी गेले. तीन आठवड्यांनी सोबत्याचे पत्र गेले : 'कारखाना सुरू झाला. तू आहेस कुठे?' ते धावत परत आले. हजेरीपटावर त्यांचे नाव होते. नोकरी शाबूत होती. पण सोबत्यांना त्या दिवसांचा अर्धा पगार मिळाला, आणि यांना एक पैही मिळाली नाही. का? तर सोबती रोज फाटकावर जाऊन सही करून येत होते. हे गावी होते.

त्या कागदाची शेवटची ओळ तीच होती : रोज कामाच्या वेळी येऊन हजेरी द्यावी. आम्ही घाईत ती ओळ सोडून दिली. काढलेल्या माणसाला रोज हजेरीला कोण बोलावील? हा साधा प्रश्न आम्हाला पडला नाही.

शेजारी आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. "तुम्ही तरी काय करणार, मास्तर, इंग्रजीच ते," एवढेच म्हणाले. ते आमच्या मनाला फार लागले.

चूक कोठे झाली?

आम्ही दोन शब्द वेगळे केले, दोघांचे अर्थ वेगळे पाहिले आणि मग त्यांची बेरीज केली. भाषेत अशी बेरीज नेहमी जमत नाही.

आपली मराठीच पाहा. 'मनात येणे' म्हणजे विचार सुचणे. 'मनावर घेणे' म्हणजे निश्चयाने काम हाती घेणे. 'मनाला लागणे' म्हणजे वाईट वाटणे. मन एकच. पण पुढचा प्रत्यय आणि सोबतचे क्रियापद बदलले की अर्थ कोठच्या कोठे जातो. परक्या माणसाने 'मनावर' म्हणजे 'मनाच्या वर' असा अर्थ केला, तर आपल्याला हसू येईल.

इंग्रजीतही असेच आहे. तेथे क्रियापदाच्या मागून एक लहान शब्द येतो आणि दोघे मिळून नवा अर्थ देतात. 'ले डाऊन' म्हणजे खाली ठेवणे. 'ले बाय' म्हणजे अडीअडचणीसाठी शिल्लक टाकणे. 'ले आऊट' म्हणजे आखणी करून मांडणे. प्लॉट पाडतात तो 'लेआऊट' आपल्या ओळखीचा आहेच. आणि 'ले ऑफ' म्हणजे कामगाराला काम न देणे. असे जोडशब्द एकत्रच शिकावेत.

वाक्यांत उपयोग

आता पुढील वाक्ये मोठ्याने वाचा.

१. दि फॅक्टरी लेड ऑफ फिफ्टी वर्कर्स.
कारखान्याने पन्नास कामगारांना ले ऑफ दिला.

२. दे लेड हिम ऑफ फॉर टेन डेज.
त्यांनी त्याला दहा दिवस काम दिले नाही.

३. ही वॉज लेड ऑफ.
त्याला ले ऑफ मिळाला.

होऊन गेलेली गोष्ट सांगताना 'ले'चे 'लेड' होते. दुसऱ्या वाक्यात 'हिम' हा शब्द मध्ये आला आहे, तोही पाहा. 'त्याला', 'मला', 'आम्हाला' असे शब्द या जोडीच्या मधे बसतात. म्हणून कागदावर 'लेड' एकीकडे आणि 'ऑफ' दुसरीकडे दिसले, तरी त्यांना एकच समजावे.

बोलण्यात या शब्दाचे आणखी उपयोग आहेत. 'दि डॉक्टर टोल्ड हिम टू ले ऑफ टोबॅको', म्हणजे डॉक्टरांनी त्याला तंबाखू सोडायला सांगितली. कोणी पोराला छळत असेल तर म्हणतात, 'ले ऑफ!' म्हणजे 'सोड त्याचा पिच्छा!'

कायद्यातील अर्थ

आपल्या देशात १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा झाला. १९५३ साली त्यात ले ऑफची कलमे घातली गेली. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल साठून राहिला, यंत्र मोडले, अशा कारणांनी मालक हजेरीपटावरच्या कामगाराला काम देऊ शकत नाही, त्याला ले ऑफ म्हणतात. त्यात कामगाराचे नाव कमी होत नाही.

ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे, त्याला ले ऑफच्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यावी, असे कायद्याने ठरवले. साप्ताहिक सुटी त्यात धरत नाहीत. पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला आणि बदली कामगारांना हे कलम लागू नव्हते.

या भरपाईला एक अट होती, आणि आमच्या शेजाऱ्यांचे नुकसान तिच्यामुळेच झाले. कामगाराने ठरलेल्या वेळी दिवसातून निदान एकदा कारखान्यात हजर झाले पाहिजे. न गेल्यास भरपाई नाही.

तो जुना कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०२० सालची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण निम्मी भरपाई आणि रोजची हजेरी या दोन्ही गोष्टी नव्या संहितेतही आहेत.

हिशेब करून पाहू. समजा, एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून रोजचे ६०० रुपये होतात. ले ऑफ १२ दिवस चालला. त्यात २ दिवस साप्ताहिक सुटीचे. राहिले १० दिवस. रोजचे निम्मे ३०० रुपये. १० दिवसांचे ३,००० रुपये झाले. रोजची सही चुकली, तर हे पैसे गेले.

एक शब्द, दोन अर्थ

येथे एक सावधगिरी सांगतो. अमेरिकेतल्या बातम्यांत 'कंपनीने इतक्या लोकांना ले ऑफ केले' असे येते. तेथे त्याचा अर्थ बहुधा नोकरीवरून कायमचे कमी करणे असा असतो. आपल्याकडच्या संगणक कंपन्यांतली मुलेही हल्ली त्याच अर्थाने बोलतात. आपल्या कायद्यात कायमच्या कपातीला वेगळा शब्द आहे : 'रिट्रेंचमेंट'. मालकाने कारखान्याला कुलूप लावले तर ते 'लॉकआऊट', म्हणजे टाळेबंदी.

मग आपल्या हातातल्या कागदाचा अर्थ कसा ओळखावा? तीन प्रश्न विचारावेत. किती दिवस? हजेरीपटावर नाव आहे का? रोज सही कोठे आणि किती वाजता करायची? याची उत्तरे मिळाल्याशिवाय गावची गाडी धरू नये.

आमचे शेजारी पुढे आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी आम्ही विचारले, "आज काय शिकू या?" ते म्हणाले, "कागदाची शेवटची ओळ." तेव्हापासून आम्ही कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि कळले नाही तर 'कळले नाही' असे सांगतो. तुम्हीही तसेच करा.

शब्दार्थ

हजेरीपट : कामगारांची नावे व हजेरी लिहिण्याची वही
भरपाई : नुकसानीबद्दल मिळणारे पैसे
शाबूत : कायम, सुरक्षित
बदली कामगार : दुसऱ्याच्या जागी तात्पुरता घेतलेला कामगार

अभ्यास

१. शेजाऱ्यांना अर्धा पगार का मिळाला नाही?
२. 'ले ऑफ' आणि 'रिट्रेंचमेंट' यांत फरक काय?
३. रोजचे ५०० रुपये मिळणाऱ्या कामगाराला सुटीचे दिवस सोडून ८ दिवस ले ऑफ मिळाला. तो रोज हजर राहिला. भरपाई किती?
४. 'हात देणे', 'हात दाखवणे', 'हाती लागणे' यांचे अर्थ घरातल्या माणसांना विचारून लिहा.
५. घरातला एखादा छापील कागद घ्या. त्याची शेवटची ओळ वर्गात वाचून दाखवा.