आरोग्यपाठ : चट्टा कातडीवर, दुखणं आत



नळाला गढूळ पाणी आलं, की आम्ही खडकवासल्याचे लोक नळ घासत बसत नाही. पाणी कुठे गढूळ झालं ते बघतो. कातडीच्या जुनाट दुखण्यांचंही तसंच आहे. हे मी चुकून शिकले, म्हणून हा पाठ.

धरणाकाठच्या कातकरी वस्तीतल्या एका मावशींच्या हातावर फिकट चट्टा होता. मी गजकर्णाचं मलम दिलं आणि आठ महिने तिकडे फिरकले नाही. परत गेले तेव्हा चट्टा तसाच होता, आणि त्यांची करंगळी वाकू लागली होती. "ताई, खाजत नाही, दुखत नाही. मग दवाखान्यात कशाला?" त्या म्हणाल्या. खाजत नाही, हीच तर खूण होती! गजकर्ण बहुधा खाजतं. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो.

कारण : या रोगाचा जंतू 1873 साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी शोधला. तो कातडीत आणि मज्जातंतूंत राहतो. तिथे मलम पोचत नाही. हा रोग शाप नाही, आनुवंशिकही नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असते.

तपासणी : चट्ट्याला कापसाचं टोक लावा. रुग्णाने डोळे मिटून, स्पर्श झाला तिथे बोट ठेवायचं. स्पर्श कळला नाही, तर सरकारी दवाखान्यात न्या.

उपचार : बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारण सहा महिने, जास्त असतील तर बारा. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. घाबरून गोळ्या सोडू नका. औषध संपल्यावर रंग हळूहळू परत येतो. उपचार सुरू झाले की संसर्ग लवकरच थांबतो. घरातल्यांचीही तपासणी करून घ्या.

नसांची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर ती भरून येण्याची शक्यता जास्त. मावशींचा रोग पूर्ण बरा झाला, पण करंगळी वाकडीच राहिली. ते आठ महिने माझे होते.

सगळेच चट्टे कुष्ठरोगाचे नसतात. गळवं किंवा गजकर्ण पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्तातली साखर तपासा. घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, तर ती खरूज. तिथे सगळ्या घराने एकदम औषध लावायचं.

पूर्वी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण ठरत असे. 2019 साली कायद्यातून ते काढलं गेलं. मनातूनही काढू या.

या तिमाहीचं काम : आपल्या वस्तीतला प्रत्येक जुना, न खाजणारा चट्टा कापसाने तपासा. मलम देण्याआधी.