थैली ज्याच्या हाती

आमच्या मंडळीचा मी नऊ वर्षं खजिनदार होतो. नगर जिल्ह्यातलं गाव, दगडी भिंतींचं जुनं चर्च, वर गळके पत्रे. दिवाळीनंतर हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो अर्पणाला आणतो: बाजरी, भोपळा, गावरान अंडी, एखादा कोंबडा. उपासना झाली की अंगणात लिलाव. डझनभर अंडी ३०० रुपयांना जातात, कारण घेणाऱ्यालाही अर्पणच करायचं असतं. त्या पैशाला पावती नसते. तेव्हा लोक घरी जायचे आणि खजिनदार एकटा नोटा मोजत बसायचा.

त्या वर्षी मुलीची नर्सिंगची फी भरायची होती आणि कांद्याचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले होते. पत्र्यांसाठी जमवलेल्या रकमेतून मी ६,००० रुपये काढले, डब्यात माझ्या नावाची चिठ्ठी टाकली आणि आठ दिवसांत पैसे परत ठेवले. ते परत ठेवणंच मला महागात पडलं. मन म्हणालं, बघ, तू काही चोर नाहीस. मार्चमध्ये ८,००० काढले, तेव्हा चिठ्ठी टाकली नाही. मेमध्ये १२,००० काढले, तेव्हा वहीतला आकडा बदलला.

या काळात माझी प्रार्थना थांबली नव्हती, उलट लांबली होती. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब आत्मपरीक्षा करायला सांगत, तेव्हा मी माझी दुसरी पापं आठवत बसायचो.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि बाकडी भिजली. संध्याकाळी एक म्हातारी मावशी घरी आली. निंदणीच्या मजुरीतले ५० रुपये तिने पदराच्या गाठीतून सोडले. “पत्र्याला घे, भाऊ. आन् माझं नाव कुठं लिवलं ते दाव.” तिला वाचता येत नाही. मी लिहिलं, तशी ती त्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ उभी राहिली. त्याच पानावर, तिच्या बोटाच्या चार ओळी वर, मी खोडून लिहिलेला आकडा होता.

त्या रात्री वही घेऊन मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याबरोबर प्रार्थना केली आणि मग लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय माझ्याकडूनच वाचून घेतला. लबाडीने घेतलेलं पूर्ण परत करावं आणि त्यावर पाचवा हिस्सा घालावा, असं तिथे सांगितलं आहे. २०,००० चे २४,००० झाले. रविवारी मंडळीपुढे उभा राहून मी चूक कबूल केली, पद सोडलं आणि महिन्याला २,००० चा हप्ता ठरला.

यातून जे शिकलो, ते सांगतो.

मोह गरजेच्या दारातून येतो, आणि गरज खरी असते. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभूला भूक लागली होती, तेव्हा सैतानाने पहिली गोष्ट काढली ती भाकरीची. म्हणून अडचण आली की ती आधी मंडळीत बोला. मी पंचांकडे उघडपणे उसने मागितले असते, तर ते मिळाले असते. मला मागायची लाज वाटली, घ्यायची वाटली नाही.

छोट्या रकमेला छोटी समजू नका. यहूदा म्हटलं की आपल्याला तीस रुपये आठवतात. पण योहान सांगतो की थैली त्याच्याकडे असे आणि तिच्यातलं तो आधीपासूनच घेत असे. मोठा सौदा नंतर झाला.

मोहाशी वाद घालू नका. पोटीफरच्या घरात योसेफ वस्त्र टाकून पळाला. मी मात्र डबा पलंगाखाली ठेवून रोज रात्री स्वतःला समजावत होतो. सार्वजनिक पैसा घरात ठेवूच नका. सोमवारी बँक उघडली की भरून या.

एकट्याने मोजू नका. यरुशलेमेतल्या गरजूंसाठी जमलेलं दान पौलाने एकट्याच्या हाती ठेवलं नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा उरू नये. प्रेषिताला जी काळजी घ्यावीशी वाटली, ती आपल्याला अपमानाची का वाटावी? आता आमच्याकडे लिलावाचे पैसे तिघं मोजतात, तिघं सही करतात आणि आकडा त्याच दिवशी फळ्यावर लागतो.

आणि पाय घसरलाच असेल, तर पकडले जाण्याची वाट पाहू नका. आज रात्रीच एका विश्वासू माणसापुढे बोला. देव क्षमा करतो यावर माझं जगणं उभं आहे. पण क्षमेने वही कोरी होत नाही. जक्कयाच्या घरी प्रभू आला, तेव्हा जक्कयाने चौपट परत करण्याची भाषा काढली. तारण घरात आलं की हिशेबही घरात येतो.

माझे सात हप्ते फिटले, पाच राहिले आहेत. दर महिन्याला पैसे भरले की नव्या खजिनदारभाऊंना मी वही उघडायला सांगतो आणि मावशीसारखं त्या ओळीवर बोट ठेवतो.