गिरडची टेकडी, बोरचं पाणी : दोन दिवसांना किती लागतात?

थंडी पडू लागली की नागपूर-वर्ध्याकडच्या घरात एका संध्याकाळी हा विषय निघतोच. जंगल हवं, तळं हवं, पाय मोकळे करायला टेकडी हवी आणि रात्री तंबू हवा. दोन दिवसांत सगळं झालं पाहिजे, आणि सोमवारी कामावर जाताना पैशांची हळहळ वाटू नये. गेल्या काही वर्षांत मी या बेताचा हिशेब चार-पाच वेळा मांडला आहे. दर वेळी तेच दिसलं : प्रवेशाचे पैसे फारसे नसतात, पैसे खातात ती चाकं. आधी आपल्या गाडीची, मग जिप्सीची. म्हणून किती माणसं न्यायची हे आधी ठरवा, कुठे जायचं ते नंतर.

तरी जागांबद्दल थोडं सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. गिरड समुद्रपूर तालुक्यात आहे. नागपूरहून उमरेडमार्गे या किंवा जामवरून समुद्रपूरकडे वळून या, एका बाजूचे ऐंशी किलोमीटर धरा. इथे टेकडी आहे, आसपास जंगल आहे, तालुक्यात पोथरा आणि लालनाला प्रकल्पांचं पाणीही आहे. मग तिथेच तंबू का ठोकू नये? कारण गिरड-खुर्सापारच्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. वावरात जागलीला जाणारा शेतकरीसुद्धा तिथे रात्री एकटा थांबायला कचरतो, तिथे आपण शहरातून आणलेल्या कापडी घुमटात झोपायचं म्हणजे हौसेचा अतिरेक झाला. शिवाय धरणाचा काठ पाटबंधारे खात्याचा आणि झाडी वन खात्याची. दोघांची परवानगी नसेल तर तो मुक्काम बेकायदा.

म्हणून माझा बेत असा असतो : पहिल्या दिवशी गिरडची टेकडी पायी, मुक्काम बोरधरणला, दुसऱ्या दिवशी सकाळी बोर व्याघ्र प्रकल्पात सफारी आणि जेवण उरकून घरी. चालण्याची हौस गिरडला भागते, पाण्याची आणि जंगलाची बोरला.

गिरडला खर्च जवळजवळ नाहीच. टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. त्यांची कबर पाकिस्तानातल्या पंजाबात पाकपट्टणला, पण त्यांनी या टेकडीवर तप केलं ही इथली श्रद्धा. नवस बोलायला आणि फेडायला सगळ्या धर्मांची माणसं येतात. वर जायला तिकीट लागत नाही. पार्किंग, फुलं-चादर किंवा प्रसाद, पेटीत टाकायचे ते, आणि खाली चहा, असे चौघांचे दोन-तीनशे रुपये पुरे. उन्हाच्या आधी चढा. मार्चनंतर सकाळी नवाच्या पुढे ती चढण म्हणजे शिक्षा.

चढताना पायाखाली बघत चला. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे, कुठे त्याहून मोठे गोल दगड सापडतात. लोककथा सांगते, माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांची जायफळं, नारळ सगळं जागच्या जागी दगड झालं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही ही गोष्ट नोंदलेली आहे. भूशास्त्र यांना झिओलाइट म्हणतं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं साठली, आणि भोवतीचा काळा दगड झिजला तसे हे गोटे सुटे झाले. फुटका गोटा हातात घेतला तर आत पांढुरके, काचेसारखे कण चमकतात. आमच्या बरोबरच्या एका पोराने तो जिभेला लावून पाहिला आणि "खडीसाखर नाही" असा निकाल दिला. पाहून झाला की गोटा परत ठेवा. तो तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा आहे, आणि तुमच्या शोकेसमध्ये तो नुसता गोटाच दिसेल.

फक्त गिरड करून संध्याकाळी परतायचं असेल तर हा सगळ्यात स्वस्त बेत. मोटरसायकलवर दोघं गेलात तर जाऊन-येऊन एकशे साठ किलोमीटर, लिटरला पन्नासची गाडी आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साडेतीनशेच्या आत. खाण्यापिण्याचे चारशे मिळवले तरी दोघांचं मिळून साडेसातशेत भागतं. एसटीची साधी बस सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये घेते, म्हणजे एका बाजूचे माणशी एकशे चाळीसच्या आसपास. वाटेत गाडी बदलावी लागली तर थोडे जास्त. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, पंचाहत्तरीपुढे फुकट. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी एसटीने निघाल्या तर कारवाला लाजेल असा हिशेब बसतो. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सकाळी उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा. दुपारी विचारलं तर उत्तर ऐकून धावावं लागतं.

आता बोर. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल सेलू तालुक्यात आहे. गाभ्याचं क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडणारं. बोर नदीवरच्या धरणाचं पाणी जंगलाला खेटून आहे, साग आणि बांबू जवळजवळ काठापर्यंत आलेले. नागपूरहून बुटीबोरी, सेलडोह, सेलू, हिंगणी असे पासष्ट किलोमीटर. गिरडहून मात्र जिल्हा आडवा कापावा लागतो, हिंगणघाट-वर्ध्यावरून शंभरेक किलोमीटर धरा आणि अंधाराच्या आत पोहोचा. या पट्ट्यात रात्री गाडी हाकणं जनावरांच्याही जिवावर बेतलेलं आहे. बोरचा 'बाजीराव' वाघ डिसेंबर २०१७ मध्ये बाजारगावजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेत गेला.

दोन गोष्टी मनाशी पक्क्या करूनच निघा. व्याघ्र प्रकल्पाच्या आत पायी फिरता येत नाही, आणि आत तंबूही लावता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे. जंगलात शेकोटी पेटवणंही तसंच. "काठावरच तर आहे, कोण बघतंय" म्हणणारा एक जण प्रत्येक चमूत असतो, त्याला आधीच समज द्या.

मग तंबूची हौस कुठे भागवायची? प्रकल्पाबाहेरच्या खासगी जागेवर, रिसॉर्टच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात. अशा ठिकाणी जेवणासकट तंबूचे माणशी आठशे ते दीड हजार रुपये सांगतात. खोली घेतली तर चौघांना मिळून अडीच ते चार हजार. म्हणजे चौघांचा तंबू खोलीपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही, हे गणित आधी करा. स्वतःचा तिघा-चौघांचा तंबू तीन-चार हजारांत येतो, पण तो वर्षातून एकदाच उघडणार असेल तर माळ्यावर पडून राहतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो, पाण्याकाठी गारठा आणखी जास्त. घरची गोधडी न्या. भाड्याच्या स्लीपिंग बॅगमध्ये आधी कोण झोपलं होतं ते कुणीच सांगत नाही.

मुक्कामाच्या बिलाबद्दल एक अनुभव. एका ठिकाणी आम्ही फोनवर दर पक्का केला होता. सकाळी बिल आलं तेव्हा त्यात शेकोटीचे पाचशे, गरम पाण्याच्या बादल्यांचे दोनशे आणि जीएसटी वेगळा. शेकोटी आम्ही मागितली नव्हती, ती आमच्या पुढ्यात पेटवली होती आणि आम्ही खुशीत हात शेकत बसलो होतो. आता मी चार प्रश्न लेखी विचारतो : कर धरून आहे का, जेवणं किती, गरम पाणी आणि शेकोटीचे वेगळे का, आणि गाडीचालकाच्या झोपण्याची सोय काय. व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं की तो संदेश जपून ठेवतो.

सफारीत जागा तुमची पण गाडी सगळ्यांची. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाईड. प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाईडचं मानधन मिळून गाडीमागे साडेचार ते साडेपाच हजार बाजूला ठेवा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना थोडा हात सैल ठेवा. वन खात्याच्या संकेतस्थळावर बुकिंग करताना जो आकडा दिसेल तोच भरा, आणि जिप्सी-गाईडचे पैसे त्यात आले की फाटकावर रोख द्यायचे, ते त्याच पावतीत वाचून घ्या. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळे पैसे पडू शकतात. मोबाईल आत वापरू देत नाहीत, तेव्हा फोटोंसाठी साधा कॅमेरा असेल तर तो न्या. बुकिंग ज्या ओळखपत्रावर केलं तेच, तेही मूळ, बरोबर हवं. माझ्या एका मित्राने आधारची फोटोप्रत नेली आणि थंडीत फाटकाबाहेर चहा पीत बसला. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्याची फाटकं बंद असतात, आणि एरवीही आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते.

पलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. गिरडहून ते बोरपेक्षा पुष्कळ जवळ, त्यामुळे इंधन वाचतं. 'जय' वाघामुळे ते गाजलं, आणि २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला त्यावरूनही. पण तळ्याकाठचा मुक्काम हवा असेल तर मी बोरच निवडतो. उमरेडला ३१ डिसेंबर २०२४ रोजी जिप्स्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि कारवाई झाली ती चालक-गाईडवर. तेव्हा "थोडी पुढे घे ना, बघून घेऊ" म्हणत पाचशेची नोट पुढे करू नका. तुमची नोट त्याच्या रोजीवर येते. चांगलं जंगल दाखवलं तर सफारी संपल्यावर शे-दोनशे खुशीने द्या.

जेवणाचं म्हणाल तर ढाब्यावर आणि मुक्कामी मिळून माणशी दोन दिवसांचे सातशे पुरतात. सकाळी वाटेत तर्री-पोहे, रात्री झुणका-भाकर किंवा सावजी, झेपेल तसं. त्याहून स्वस्त आणि चवीला वरचढ म्हणजे आपली डब्बा पार्टी. मुक्कामाचा मालक आवारात गोवऱ्या पेटवू देत असेल तर रोडगे लावा. कणीक, तूरडाळ, वांगी आणि तूप घरून नेलं तर सहा जणांचं जेवण पाचशेत उरकतं. कणीक घट्ट भिजवा, घडी घालून गोळे वळा, निखारे पांढरे पडल्यावरच आत ठेवा. घाई केली तर बाहेरून कोळसा आणि आत पीठ. मी खाल्ले आहेत तसेही.

आता बेरीज. चौघं, आपली पेट्रोल कार, नागपूर-गिरड-बोरधरण-नागपूर अडीचशे किलोमीटर, लिटरला पंधरा : इंधन १,८००, टोल ३००, खोली ३,५००, सफारी ५,०००, जेवणं २,८००, गिरड आणि किरकोळ ६००. झाले १४,०००, माणशी ३,५००. आता याच बेतात सहा जण घ्या आणि सात आसनी गाडी काढा : इंधन २,२००, टोल ३००, दोन खोल्या ५,५००, सफारी तीच ५,०००, जेवणं ४,२००, किरकोळ ६००. एकूण १७,८००, माणशी तीन हजारांच्याही थोडे आत. दोघंच गेलात तर जिप्सीचे पाच हजार दोघांतच वाटले जातात आणि माणशी खर्च पाच हजारांच्या पुढे जातो. म्हणून नवराबायकोने जायचं तर शेजारचं जोडपं पटवा, किंवा फाटकावर जिप्सीत जागा शोधणारे कुणी आहेत का ते गाईडलाच विचारा.

राष्ट्रीय महामार्गावर वर्षभर फिरणं होत असेल तर खासगी कारचा फास्टॅग वार्षिक पास घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना सुरू झाला : वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. समृद्धी महामार्गावर तो चालत नाही, आणि त्या रस्त्यावर मोटरसायकलही नेता येत नाही, तेव्हा दुचाकीवाल्यांनी सेलडोहच्या जुन्या रस्त्यानेच यावं.

काही पैसे बेरजेत न धरता वेगळ्या कप्प्यात ठेवा : पंक्चर, गोळ्या-औषधं, एखादं जास्तीचं जेवण यांसाठी हजार रुपये, तेही रोख. जंगलाच्या कडेला नेटवर्क दगा देतं आणि चहावाल्याचा क्यूआर कोड तसाच लटकत राहतो. फोनमध्ये १९२६ हा वन विभागाचा टोल फ्री क्रमांक आणि ११२ लिहून ठेवा. परवाच्या वेळी आमचा हजार रुपयांचा कप्पा जवळजवळ तसाच घरी परत आला. खर्च झाले ते फक्त चाळीस रुपये, हिंगणीला रोडग्यांसाठी जास्तीच्या गोवऱ्या घ्याव्या लागल्या तेवढेच.