कंगव्यातली वीज, आभाळातली वीज



गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. एका गटातल्या पाच-सहा जणी रानात धसकटं वेचत होत्या. कर्जाच्या अर्जावर सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या म्हणून मी तिकडेच गेले होते. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं, वारा सुटला, गडगडायला लागलं. आम्ही सगळ्या बांधावरच्या लिंबाखाली पळालो. तेवढ्यात आमच्यातल्या एक आजी एका ताईला म्हणाल्या, "तू पायाळू हायस. तू लांब थांब. तुझ्यापायी आमच्यावर पडंल."

ती ताई एक शब्दही बोलली नाही. पदर डोक्यावर घेतला आणि उघड्या रानात जाऊन एकटी उभी राहिली. अर्धा तास भिजली. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले, एवढाच तिचा गुन्हा! आणि खरं सांगते, मीही गप्प बसले. पायाळू माणसावर वीज पडते हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. ते खोटं आहे असं वाटायचं, पण का खोटं आहे, ते सांगता येत नव्हतं.

मी समाजकार्य शिकलेय, विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. म्हणून भाचीचं सातवीचं सामान्य विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात 'स्थितिक विद्युत' नावाचा धडा आहे. तो वाचला, घरी प्रयोग करून बघितले, आणखी थोडं वाचलं. जे समजलं ते तुमच्यापुढे मांडतेय. वळवाचा पाऊस तोंडावर आलाय, म्हणून याच अंकात.

आधी एक प्रयोग

आत्ता हवा कोरडी आहे, प्रयोग नक्की जमेल. वहीच्या कागदाचे तांदळाएवढे कपटे करा. प्लास्टिकचा कंगवा घ्या. तेल न लावलेल्या, कोरड्या केसांतून तो दहा-पंधरा वेळा जोरात फिरवा आणि लगेच कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. आता तोच कंगवा नळाच्या किंवा तांब्याच्या अगदी बारीक धारेजवळ न्या, पण पाण्याला लावू नका. धार कंगव्याकडे वाकते.

हेच आपण रोज बघतो. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात बारीक ठिणग्या दिसतात. सिंथेटिक साडी अंगाला चिकटत राहते. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कडीला हात लावला की झटका बसतो. आणि ज्या गटांचा मसाल्याचा व्यवसाय आहे त्यांना तर चांगलंच माहीत आहे, की कोरड्या हवेत तिखट पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटतं, तोंडाशी बसतं आणि पॅकिंग मशीनवर सील नीट होत नाही.

या सगळ्यांमागचं कारण एकच आहे.

भार म्हणजे काय?

जगातली प्रत्येक वस्तू, म्हणजे कंगवा, केस, कागद, माती, आपण स्वतः, अतिशय बारीक कणांची बनलेली आहे. त्यांना अणू म्हणतात. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन असतात, त्यांच्यावर धन प्रभार असतो. बाहेरच्या बाजूला इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यावर ऋण प्रभार असतो. प्रभार हा पुस्तकातला शब्द, आपण सोपं म्हणून 'भार' म्हणू. हा वजनाचा भार नाही, विजेचा. एरवी धन आणि ऋण सारखेच असतात, एकमेकांना फिटवतात. म्हणून वस्तूला हात लावला तरी काही जाणवत नाही.

दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की बाहेरचे काही इलेक्ट्रॉन एकीवरून दुसरीवर जातात. कंगवा केसांवर घासला तेव्हा केसांवरचे काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर गेले. कंगव्यावर ऋण जास्त झालं, केसांवर ऋण कमी पडलं म्हणून तिथे धन उरलं.

इथे आपली गटाची वही आठवा. एका ताईनं दुसरीला पाचशे रुपये दिले तर हिच्याकडे कमी, तिच्याकडे जास्त, पण दोघींचे मिळून पैसे तेवढेच. भाराचंही तसंच आहे. घासल्यानं भार नवा तयार होत नाही, फक्त इकडचा तिकडे जातो. हिशेब कायम जुळतो.

एक गोंधळ मात्र टाळा. ऋण म्हटलं की आपल्याला कर्ज आठवतं. इथे तर ज्या वस्तूला इलेक्ट्रॉन जास्त मिळाले तिलाच ऋणभारित म्हणतात! धन आणि ऋण ही नावं अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात दिली. इलेक्ट्रॉनचा शोध लागला त्यानंतर बऱ्याच काळानं, 1897 साली. तोपर्यंत नावं रुळली होती, तीच राहिली. म्हणून ही नुसती नावं समजा. चांगलं-वाईट असा त्यात अर्थ नाही.

तीन नियम लक्षात ठेवा

पहिला नियम: सारखे भार एकमेकांना ढकलतात, वेगळे भार एकमेकांना ओढतात. दोन फुगे दोऱ्याला बांधून, दोन्ही केसांवर घासून शेजारी टांगा. ते एकमेकांपासून लांब जातात.

दुसरा नियम: भार असलेली वस्तू भार नसलेल्या वस्तूलाही ओढते. कागद आपण घासला नव्हता, मग तो का आला? कंगव्यावरच्या ऋण भारानं कागदातले इलेक्ट्रॉन जरासे मागे ढकलले. त्यामुळे कागदाची कंगव्याकडची बाजू थोडी धन झाली आणि ओढली गेली. हा नियम नीट लक्षात ठेवा, आभाळाकडे गेल्यावर लागणार आहे.

तिसरा नियम: काही वस्तूंमधून भार सहज वाहतो, काहींमधून वाहत नाही. लोखंड, तांबं, ओली माती, आपलं शरीर यांतून वाहतो. प्लास्टिक, रबर, कोरडा कागद यांतून जवळजवळ नाही. म्हणून प्लास्टिकच्या कंगव्यावर भार साचून राहतो. 'स्थितिक' म्हणजे एका जागी थांबलेला. केस ओले असतील तर प्रयोग फसतो, कारण ओलाव्यातून भार निघून जातो. पावसाळ्यात स्वेटरची चटचट ऐकू येत नाही ती याचमुळे.

मसाल्याच्या गटांना यातून एक उपयोग सांगते. भरण्याआधी पिशव्या एकमेकींवर घासू नका. स्टीलचं नरसाळं वापरा, त्याची नळी पिशवीत खोलवर जाऊ द्या. तिखट तोंडाला लागत नाही, सील चांगलं बसतं. आणि पेट्रोल कधीही प्लास्टिकच्या बाटलीत घेऊ नका. सांडण्या-गळण्याचा धोका आहेच, शिवाय साचलेल्या भाराच्या एका बारीक ठिणगीनं पेट्रोलची वाफ पेटू शकते.

आता आभाळाकडे

भार फार साचला की तो हवेतूनही उडी मारतो. तीच ठिणगी. एक सेंटिमीटर कोरड्या हवेतून ठिणगी जायला साधारण 30 हजार व्होल्टचा दाब लागतो. कडीला हात लावताना झटका बसतो तेव्हा असा हजारो व्होल्टचा दाब असतो, पण भार अगदी थोडा असतो म्हणून इजा होत नाही.

वळवाच्या मोठ्या ढगात वारा जोरानं वर चढतो. आत बर्फाचे हलके कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळत राहतात. कंगवा आणि केस यांच्यासारखंच तिथे घडतं, भार इकडचा तिकडे जातो. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गारा ऋण भार घेऊन खाली राहतात. ढगाचा तळ ऋण झाला, की दुसऱ्या नियमाप्रमाणे खालची जमीन धन होते. ढग म्हणजे कंगवा, आणि कागदाच्या जागी आपलं शिवार. भार वाढत वाढत हवेला सोसेनासा झाला की ठिणगी पडते. तीच वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणात साधारण 30 हजार अंश सेल्सिअस तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट. एवढी तापलेली हवा झटक्यात फुगते, तोच गडगडाट.

आता मुद्द्याचं. वीज कुठे पडते? जमिनीकडे यायला तिला जिथे वाट जवळची तिथे. उंच झाड, खांब, टेकाड, किंवा सपाट रानात उभा असलेला माणूस. माणूस कसा जन्मला, त्याची जात कोणती, तिला विटाळ आहे का, ती विधवा आहे का, हे इलेक्ट्रॉनला कळायचा काही मार्गच नाही. कंगव्यानं कपटे ओढले तेव्हा त्यानं विचारलं का, कोणता कागद कुठल्या वहीतला?

म्हणजे त्या दिवशी चूक कुणाची होती बघा. धोका त्या ताईमुळे नव्हता. धोका आम्ही ज्या झाडाखाली गोळा झालो होतो, त्या झाडामुळे होता. झाडावर वीज पडली असती तर खोडावरून उडी मारून आमच्या अंगावर आली असती, नाहीतर मुळांजवळच्या ओल्या जमिनीतून पायांत शिरली असती. झाडाखाली एकाच वेळी कितीतरी जनावरं दगावतात ती यामुळेच. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असतात, जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. ती ताईही उघड्या रानात सुरक्षित नव्हतीच. आणि गावची पक्की शाळा तिथून जेमतेम दहा मिनिटांवर होती! पहिला गडगडाट ऐकला तेव्हाच आम्ही सगळ्या मिळून तिकडे निघायला हवं होतं.

मग करायचं काय?

आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात. त्यात रानात राबणारी माणसं खूप असतात. म्हणून हे नुसतं वाचू नका, घरात आणि शेजारी सांगा.

● वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे वीज सुमारे एक किलोमीटरवर. तीसपर्यंत मोजायच्या आत आवाज आला तर काम जागेवर सोडा. मजुरी बुडेल, जीव राहील.

● पक्क्या घरात जा, किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत काचा लावून बसा. झाड, उघडी खोप, चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड, बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहीर-तळं हे सगळं धोक्याचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

● घरात असाल तर चार्जिंगला लावलेला मोबाइल, वायरचा फोन, नळ, मोटारीचं बटण यांना हात लावू नका. नुसता मोबाइल जवळ असल्यानं किंवा मंगळसूत्र-बांगड्यांमुळे वीज ओढली जात नाही.

● आडोसा मिळालाच नाही तर झाडा-खांबांपासून दूर, सखल जागी जा. दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, डोकं गुडघ्यांत घाला, कान झाका. आडवं पडू नका. यानं धोका कमी होतो, संपत नाही. आणि घोळका करू नका, एकमेकींपासून अंतर ठेवा. मात्र हे अंतर सगळ्यांनी ठेवायचं. एकीला बाहेर काढून बाकीच्यांनी गोळा व्हायचं नाही.

● वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला बिनधास्त हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा. 108 ला फोन करा. शेणात पुरणं, मातीत ठेवणं यात वेळ घालवू नका, जीव त्याच वेळात जातो.

● गटात कुणाकडे स्मार्टफोन असेल तर 'दामिनी' ॲप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ते तयार केलंय. आपल्या आसपास विजा होत असतील तर त्यावर कळतं.

पुढच्या बैठकीत

हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. कंगवा, कागद, दोन फुगे घेऊन या. प्रयोग लेकी-सुनांच्या हातून करून घ्या आणि हे तीन प्रश्न बोला: आपल्या शिवारात कुठून कुठून पक्कं घर दहा मिनिटांवर आहे? गडगडाट झाला की कामावरून निघायचं, हे शेतमालकाशी आधी कोण बोलणार? आणि आपल्या गटात अशी कुणी आहे का, जिला पाऊस आला की लांब थांब म्हणतात?

शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण विचारा. मी त्या ताईकडे मागच्या महिन्यात जाऊन आले, कंगवा आणि कपटे घेऊनच. तिनं स्वतः प्रयोग केला, दोनदा. मग म्हणाली, "हे त्या आजीला दाखवू की." आम्ही दोघी गेलो. आजींनी तीनदा कंगवा फिरवून बघितला. पटलं का, ते काही बोलल्या नाहीत. पण आम्ही निघताना त्या ताईला म्हणाल्या, "औंदा आभाळ आलं की मला हाक मार. आपुन संगंच शाळंत जाऊ."

आपली,
क्षेत्र समन्वयक