विमानातील माल व त्याचे भाडे : मावळच्या गुलाबाचा हिशेब

पिंपळे गुरव हे पवना नदीकाठचे गाव पूर्वी शेतीचे होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरात सामावले आहे. त्याच पवनेच्या वरच्या अंगास मावळ तालुक्यात मात्र हरितगृहांतून गुलाब पिकतो, आणि १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाईन दिनासाठी जानेवारीच्या अखेरीपासून तो परदेशी रवाना होऊ लागतो. हा माल अत्यंत नाशवंत असल्याने दूरच्या बाजारपेठेसाठी त्यास मुख्यतः विमानाचाच आधार असतो. यास्तव विमान कंपनीचा हिशेब कसा चालतो, हे बागाईतदारांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कंपनीस नफा कसा होतो?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जे विमान आणले, त्यात उतारू नव्हते, टपाल होते. टाटांच्या विमानसेवेचा आरंभच असा मालापासून झाला. विमान उडाले की इंधन, वैमानिकांचे वेतन व विमानतळाचे शुल्क हा खर्च होतोच, मग मालाचा कप्पा भरलेला असो वा रिकामा. उतारूंच्या विमानात खालच्या कप्प्यात उरलेली जागा मालाने भरली, तर थोडेसे जादा इंधन व चढउताराचा खर्च वजा जाता बाकीचे भाडे नफ्यात पडते. केवळ मालवाहू विमानास मात्र सर्व खर्च मालावरच भागवावा लागतो. जाताना भरलेले व येताना रिकामे, अशी फेरी झाल्यास तोटा ठरलेला.

मार्च २०२० मध्ये उतारूंची विमाने बंद झाली तेव्हा ही खालची जागाही नाहीशी झाली. फुले तयार, परंतु वाहन नाही, असा प्रसंग बागाईतदारांवर ओढवला.

वजन व आकारमान

भाडे आकारताना प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, ते धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६,००० ने भागावे, असा सर्वसाधारण नियम आहे. उदाहरणार्थ, १०० × ४० × ३० सें.मी. खोक्याचे असे वजन २० किलो होते. आत फुले १४ किलोच असली, तरी भाडे २० किलोचे द्यावे लागते. फुलांना इजा न होता उंची २५ सें.मी. ठेवता आली, तर भाडे सुमारे १७ किलोचे पडते. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे ३ किलोचे भाडे वाचते.

जड व हलका माल एकत्र

समजा, एका कप्प्यात १० घनमीटर जागा असून २,००० किलो वजन चालते. केवळ वरील फुले भरल्यास जागा संपते आणि भाडे सुमारे १,६६७ किलोचे मिळते. घनमीटरास ५०० किलो भरणारे यंत्रांचे सुटे भाग भरल्यास ४ घनमीटरांतच वजनाची मर्यादा गाठली जाते व भाडे २,००० किलोचे मिळते. परंतु २ घनमीटर सुटे भाग व ८ घनमीटर फुले एकत्र भरल्यास प्रत्यक्ष वजन सुमारे १,९३३ किलो होऊन मर्यादेत राहते, आणि भाडे मात्र सुमारे २,३३३ किलोचे मिळते. चाकणच्या कारखान्यांतील लोखंडी माल व मावळचे गुलाब हे एकमेकांचे स्पर्धक नसून सोबती आहेत, ते असे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. खोक्याचे माप घेऊन वरीलप्रमाणे हिशेब आधी करावा.
२. दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करावी, म्हणजे खोक्यात पोकळी राहत नाही.
३. फुले कळीच्या योग्य अवस्थेत काढून लगेच पाण्यात ठेवावी व शीतगृहात थंड करावी. वाटेत उन्हात राहिलेल्या मालाचेही भाडे पूर्णच द्यावे लागते.
४. लहान बागाईतदारांनी एकत्र येऊन जागेची मागणी हंगामापूर्वी नोंदवावी आणि कबूल केलेला माल वेळेवर पोहोचवावा. कंपनीस जागा भरण्याची खात्री असली, तरच भाड्याबाबत बोलणे करता येते.

ग्रामसेवकांनी व कृषि सहायकांनी हा हिशेब गावच्या बैठकीत प्रत्यक्ष खोके मोजून दाखवावा. विमानाचा दर ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नाही; खोक्यातील पोकळी कमी करणे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती आहे.