भोजनदानानंतरची पत्रावळ

पंगत उठली म्हणजे कार्यक्रम संपला असे आपण समजतो. १४ एप्रिलचे भोजनदान असो वा बुद्धपौर्णिमेचे खीरदान, मंडपामागे उष्ट्या ताटांचा ढीग उरतो आणि पहाटे तो कोणीतरी उचलतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तो उचलणारे हात बहुतांशी कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

माझ्या लहानपणी पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण असत. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी भगिनी ती पाने बाजारात आणीत. पुढे थर्माकोलची ताटे आली. पांढरी, हलकी, स्वस्त. तेव्हा आम्हाला ती प्रगतीची खूण वाटली हे कबूल केले पाहिजे. थर्माकोल हा प्लास्टिकचाच प्रकार, तो कुजत नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्माकोलची ताटे, पेले, चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड. १ जुलै २०२२ पासून अशा वस्तूंवर देशभर बंदी आली.

आता दुकानदार "साहेब, हे इको-फ्रेंडली" म्हणून काहीही पुढे करतो. तेव्हा माल ओळखता आला पाहिजे. पोफळीची गळून पडलेली विरी पाण्यात भिजवून गरम साच्यात दाबली की ताट तयार होते. त्यात गोंद नाही, लेप नाही. उसाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याचा लगदा करूनही ताट-वाट्या बनतात. साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात या चोथ्याला तोटा नाही. तिसरा प्रकार फसवा आहे. मक्याच्या स्टार्चपासून केलेले पीएलए दिसायला हुबेहूब प्लास्टिक. ते कुजते, पण घरच्या खड्ड्यात नव्हे. १७०८८ क्रमांकाच्या मानकाची कसोटी अशी, की १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून अधिक तुकडे उरू नयेत. मात्र ही चाचणी ५८ अंशांच्या आसपास उष्णतेत घेतात. तेवढी उष्णता मोठ्या खत प्रकल्पातच टिकते. आणि चकचकीत कागदी पत्रावळ? ती गरम पाण्यात भिजवून सोलून पाहा, प्लास्टिकचा पातळ पापुद्रा हाती येईल.

चमच्यासाठी हैदराबादच्या नारायण पीसपाटी यांनी ज्वारी, तांदूळ, गव्हाच्या पिठाचा खाण्याजोगा चमचा काढला. (आपल्याकडे भाकरीचा तुकडा हे काम पूर्वीपासून करीत आला आहे, हा भाग वेगळा.)

परंतु खरा प्रश्न ताट कशाचे आहे याहून ते जाते कोठे, हा आहे. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीवर वर्षानुवर्षे सगळा कचरा एकत्र पडत होता. २०२१ साली तेथे कचरा टाकणे थांबले. तोवर तिथल्या आगींचा धूर आसपासच्या घराघरांत शिरला. ओला कचरा ढिगाखाली हवेविना सडला की मिथेन वायू तयार होतो आणि तोच पेट घेतो. म्हणजे उसाच्या चोथ्याचे ताटही पाण्याच्या बाटल्यांबरोबर त्याच पोत्यात कोंबले, तर वाढीव पैसे वाया गेले. बँकेत आकडे मांडायची सवय म्हणून सांगतो: ताटामागे तीन रुपये जास्त धरले तरी ४०० पानांना १,२०० रुपये होतात. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेला हा आकडा लहान नाही. तो सार्थकी लावायचा तर मंडपात दोन पिंपे हवीत, आणि पिंपाजवळ उभा राहणारा एक कार्यकर्ताही हवा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी शंभरहून अधिक लोकांच्या कार्यक्रमाच्या आयोजकांवर कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी टाकली होती, तीही तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवून.

माझे स्वतःचे मत विचाराल तर जेथे नळाला पाणी आहे तेथे स्टीलची ताटेच बरी. एकदा घेतली की वीस वर्षे चालतात. पाणी टँकरने येत असेल तेथे मात्र विरीची पत्रावळ घ्यावी, आणि उष्टी पाने आवारातल्या झाडाखाली खड्डा करून मातीआड टाकावीत. पाने फाडून, ओली करून टाकली तर लवकर कुजतात. अख्खी एकात एक बसवून टाकली तर पावसाळ्यानंतरही तशीच निघतात, हे आम्ही अनुभवाने शिकलो.